बंदुकीचा परवाना आणि आपली वस्ती

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारची वंदना आटोपून आम्ही चार-पाच जण विहाराच्या ओट्यावर बसलो होतो. समुद्रपूर तालुक्यातल्या एका खेड्यातून एक तरुण आणि त्याची आई मला शोधत आले. मी पेशाने कारकून. शिकलो बी.कॉम.पर्यंत, पण वस्तीत माझी ओळख अर्ज लिहून देणारा माणूस अशीच आहे. रेशन कार्ड, जातीचा दाखला, निराधारांची पेन्शन, असे अर्ज मी कितीतरी लिहिले. त्या तरुणाने मात्र पिशवीतून कोरा कागद काढला आणि म्हणाला, "काका, बंदुकीच्या लायसनचा अर्ज लिहून द्या."

भांडण धुऱ्याचे होते. दोन एकराचे कोरडवाहू शेत. शेजारचा मोठा शेतकरी दरवर्षी नांगरताना एक-एक तास आत सरकत होता. यंदा या पोराने हटकले. दुसऱ्या दिवशी तो शेतकरी खांद्यावर दुनळी बंदूक टाकून धुऱ्यावर येऊन उभा राहिला. गोळी झाडली नाही, शिवीही दिली नाही. "डुकरं लई झाली," एवढेच बोलला आणि गेला. त्या दिवसापासून या घरातल्या कोणाला धड झोप नाही.

पोरगा म्हणाला, "त्याच्याजवळ हाय, त आपल्याजवळ काऊन नाही?"

प्रश्न चुकीचा नव्हता. मला लगेच उत्तर देता आले नाही. मी त्यांना आठ दिवसांनी यायला सांगितले आणि त्या आठ दिवसांत कायदा वाचला. आमच्या वस्तीतल्या एका निवृत्त हवालदार काकांकडेही बसलो. जे कळले ते वाचकांपुढे ठेवतो. असा प्रश्न उद्या कोणाच्याही घरात उभा राहू शकतो.

हा प्रश्न आजचा नाही

आपल्या हाती शस्त्र का नाही, हा प्रश्न परमपूज्य बाबासाहेबांनी १९३६ सालीच विचारला होता. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्यांनी दाखवून दिले की, चातुर्वर्ण्याने खालच्या वर्गाला विद्या नाकारली आणि शस्त्रही नाकारले. म्हणून इतका अन्याय होऊनही हा वर्ग बंड करू शकला नाही. ज्या महारांनी कंपनीच्या पलटणीत तलवार-बंदूक चालवली, त्यांची भरती पुढे इंग्रजांनी बंद केली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून आपल्या पूर्वजांनी अर्ज केले, बाबासाहेबांनीही पाठपुरावा केला. अखेर १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली.

इंग्रजांनी १८७८ सालच्या शस्त्र कायद्याने सगळ्या हिंदी माणसांवर परवान्याचे बंधन घातले आणि युरोपियनांना त्यातून सूट दिली. म्हणून स्वातंत्र्य चळवळीत बंदुकीचा परवाना हा मानाचा प्रश्न झाला. पुढे वर्ध्यात येऊन राहिलेल्या गांधीजींनी १९३० साली व्हाईसरॉयपुढे अकरा मागण्या ठेवल्या, त्यांतही स्वसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना मिळावा ही एक मागणी होती. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावातही शस्त्र बाळगण्याचा हक्क होता.

मग राज्यघटना लिहिताना काय झाले? डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क घटनेत घालावा अशी दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी ती मान्य केली नाही. कोणीही बाजारात जाऊन वाटेल ते हत्यार विकत आणू लागला तर राज्य चालवायचे कसे, असा त्यांचा सवाल होता. चोर आणि सराईत गुन्हेगार यांनाही तो हक्क द्यायचा का, असेही त्यांनी विचारले.

वरवर पाहणाऱ्याला वाटेल, १९३६ चे बाबासाहेब वेगळे आणि १९४८ चे वेगळे. तसे नाही. शस्त्र एका वर्गाच्या मिरासदारीचे असू नये, हे त्यांचे पहिले म्हणणे. आणि ज्याच्याजवळ पैसा व दांडगाई आहे त्याला ते मोकाट मिळू नये, हे दुसरे. खेड्यात मोकळी बंदूक विक्री झाली असती तर ती आधी कोणाच्या वाड्यात गेली असती, हे सांगायला नको.

कायदा काय म्हणतो

आज शस्त्र कायदा १९५९ चा आणि नियम २०१६ चे लागू आहेत. परवाना जिल्हाधिकारी देतात, ज्या शहरांत पोलीस आयुक्तालय आहे तिथे पोलीस आयुक्त. अर्जदार २१ वर्षांचा हवा. पोलीस चौकशी होते, गुन्हे तपासले जातात. शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण घेतल्याचे प्रमाणपत्र लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात, पूर्वी तीन चालत. परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली.

यातली दोन कलमे आपल्या लोकांनी पाठ करावीत अशी आहेत. कलम १४ सांगते की, अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. म्हणजे सातबारा नसलेला मजूरही अर्ज करू शकतो. दुसरे, अर्ज नाकारला तर कारण लेखी नोंदवावे लागते, आणि त्यावर अपील करता येते.

बिनापरवाना हत्यार ठेवण्याचे धाडस मात्र कोणी करू नये. काही पोरे देशी कट्टा हातात घेऊन फोटो काढतात आणि मोबाईलवर फिरवतात. त्या एका फोटोने घरी पोलीस येतात. साध्या बिनापरवाना बंदुकीलाही आता कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षांची शिक्षा आहे. पोरगा नोकरीतूनही जातो आणि घरातूनही. वरातीत गंमत म्हणून गोळी झाडणाऱ्या परवानाधारकालाही २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकते.

हवालदार काकांची दुनळी

आमचे काका महार रेजिमेंटमधून निवृत्त झाले. त्यांनी बारा बोअरची दुनळी घेतली ती शौक म्हणून नव्हे, तर पोटासाठी. नुसत्या काठीवाल्या चौकीदारापेक्षा बंदुकवाल्या गार्डला पगार बरा मिळे. त्या बंदुकीवर त्यांनी दोन मुलींची लग्ने केली आणि मुलाला आयटीआय शिकवले.

पण त्या बंदुकीने घराला कसे बांधून ठेवले, ते काकूंकडून ऐकावे. बंदूक कुलपात, काडतुसे दुसऱ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या काकांच्या करदोट्याला. लग्नाला सगळे घर बाहेरगावी निघाले की, एक जण मागे राहणार. नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर लाल शाईने लिहिलेली, कारण मुदत चुकली की कालपर्यंतचा प्रामाणिक माणूस आज गुन्हेगार. एक-एक काडतुसाचा हिशेब. निवडणूक लागली की पोलीस ठाण्याची नोटीस, बंदूक जमा करा, निकालानंतर घेऊन जा.

"चाळीस वर्षं बाळगली," काका म्हणाले, "फौज सोडल्यावर एकदाही माणसावर रोखली नाही. पण एक रात्र तिच्याशिवाय निवांत झोपलो नाही आणि तिच्यामुळेही निवांत झोपलो नाही."

परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा त्याने पंचवीस वर्षे बंदूक बाळगली, तर ती वारसाच्या नावे करण्याची सोय नियमात आहे. वारसाला त्यासाठी स्वतःचा परवाना घ्यावा लागतो. काकांनी मुलाला विचारले. मुलगा म्हणाला, "बाबा, मला दोन लहान लेकरं आहेत." काकांनी बंदूक रीतसर जमा केली आणि पावती पासबुकात जपून ठेवली.

आपल्या जिल्ह्याला दारूगोळ्याचे नवल नाही. पुलगावला सैन्याचे मोठे दारूगोळा भांडार आहे. ३१ मे २०१६ च्या रात्री तिथे आग लागून अधिकारी, जवान आणि अग्निशमन कर्मचारी जळून गेले. २० नोव्हेंबर २०१८ ला सोनेगाव आबाजीजवळ जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला आणि सहा जण मेले. मेलेल्यांत आसपासच्या खेड्यांतले मजूर होते. जिथे शिकलेली माणसे आणि कडक पहारा आहे तिथे ही गत. मग दाराला नीट कडी नसलेल्या घरात बंदूक सुरक्षित राहील कशी?

डुकरे, रोही आणि बंदूक

धुऱ्यावरच्या त्या शेतकऱ्याने डुकरांचे नाव घेतले होते. पिकाच्या रक्षणासाठी परवाना मिळू शकतो, हे खरे. रोही आणि रानडुक्कर एका रात्रीत तूर-हरभऱ्याचे काय करतात, हे शेतकऱ्याला विचारा. पण बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे पिकाची नासाडी करणारे जनावर मारायलाही वन खात्याच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. आणि अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते. आपल्या सेलू तालुक्यातल्या बोर अभयारण्याच्या आसपासच्या गावांनी हे ध्यानात ठेवावे.

१९९५ चा नियम

आता मुख्य मुद्दा. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा, त्याचे नियम १९९५ चे. त्यातला नियम ३ आपल्यापैकी किती जणांनी वाचला आहे? अत्याचार होण्याची शक्यता असलेल्या भागात सरकारने आधीच कोणती पावले उचलावीत, याची त्यात यादी आहे. तिथे स्पष्ट म्हटले आहे की, गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या व्यक्तींचे शस्त्र परवाने रद्द करून त्यांची हत्यारे सरकारी शस्त्रागारात जमा करावीत. बेकायदा हत्यारे जप्त करावीत. आणि जीविताच्या व मालमत्तेच्या संरक्षणासाठी गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शस्त्र परवाने द्यावेत.

म्हणजे त्या पोराचा प्रश्न सरकारच्या नियमात आधीच लिहिलेला आहे. धमकावणाऱ्याच्या हातातून काढून घ्या, आणि लागलेच तर धमकी सोसणाऱ्याला द्या. १९३६ आणि १९४८, दोन्ही बाबासाहेब मला या एका नियमात एकत्र दिसले. पण हा नियम आपोआप चालत नाही. तो मागावा लागतो, आणि लेखी मागावा लागतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दक्षता व नियंत्रण समिती असते, तिची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हावी असा दंडक आहे. तिथे आपला कागद गेला पाहिजे.

बंदुकीने सगळे प्रश्न सुटतात या भ्रमात मात्र राहू नये. खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारले, ते जमावाने, काठ्यांनी आणि सायकलच्या चेनींनी. एका दुनळीत दोन काडतुसे असतात. जमावापुढे ती किती पुरतील? त्या कुटुंबाला गरज होती ती वेळेवर पोलीस पोचण्याची.

कोणी विचारेल, पंचशील घेतलेल्याने बंदूक ठेवावी का? तथागतांनी उपासकाला शस्त्रांचा व्यापार वर्ज्य सांगितला. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. भारतीय न्याय संहितेतही स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण गरजेपुरताच. पोलिसांकडे जायला वेळ असेल तर तो हक्क चालत नाही. धम्म आणि कायदा इथे जवळजवळ एकच बोलतात.

माय काय म्हणाली

आठ दिवसांनी दोघे आले. मी हे सगळे सांगितले. पोरगा अर्जावर अडून होता. तेव्हा इतका वेळ गप्प बसलेली त्याची माय बोलली, "बाबू, बंदूक त आनशीन. घर आपलं कुडाचं. ठेवशीन कुठी? अन् तू कामाले गेल्यावर तिले राखन कोन बसन, मी?"

मग आम्ही तिघांनी मिळून तीन कागद तयार केले. पहिला पोलीस अधीक्षकांना, धमकीची तारीख, वेळ आणि साक्षीदार घालून. दुसरा जिल्हाधिकाऱ्यांना, नियम ३ चा उल्लेख करून, शेजाऱ्याच्या परवान्याची फेरतपासणी व्हावी म्हणून, त्याची प्रत दक्षता समितीला. तिसरा भूमी अभिलेख कार्यालयात, शेताच्या सरकारी मोजणीसाठी. प्रत्येकाची पोच घेतली. परवान्याचा अर्जही लिहून दिला. तो त्याचा हक्क आहे आणि टाकायचा की नाही हे त्याने ठरवावे. अजून तो त्याच्या पिशवीतच आहे.

महिनाभराने पोलीस गावात आले, जबाब झाले. चौकशी संपेपर्यंत शेजाऱ्याची दुनळी ठाण्यात जमा आहे. तो आता धुऱ्यावर येतो तो रिकाम्या खांद्याने. राग गेलेला नाही, हेही खरे. म्हणून या घरातली माणसे शेतात एकटी जात नाहीत आणि तक्रारीच्या पोचपावत्या ट्रंकेत गुंडाळून ठेवतात.

परवा पोराचा फोन आला. "काका, मोजणीची तारीख आली. तुमी येसान ना?"

मी रजेचा अर्ज लिहून ठेवला आहे. आपल्या आजूबाजूच्या खेड्यात असे एखादे घर जागे असेल, तर वाचकहो, त्या घरी एकदा जाऊन या आणि नियम ३ वाचून दाखवा. जयभीम!