सेकंडहँड क्वाड घ्यायची? तीही ढाणकीला?

शुक्रवारी रात्री साडेदहाला मावसभावाचा फोन. "ताई, उद्या काय करतेयस? अलिबागला चल. एक जबरी पीस मिळतोय. लाल. स्पोर्ट क्वाड. एक लाख साठला देतोय!"

हा आमचा भाऊ म्हणजे हिंजवडीत दिवसभर स्क्रीनसमोर बसणारा प्राणी. गाव ढाणकी, तालुका उमरखेड, जिल्हा यवतमाळ. रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये हाडं खिळखिळी करून घेतली की येणारं गाव. खाली काळी माती, त्यात कापूस आणि सोयाबीन, पलीकडे पैनगंगा. काकांना म्हणजे त्याच्या बाबांना रोज घरापासून अडीच किलोमीटरवरच्या शेतात जावं लागतं. त्यांचा डावा गुडघा गेलाय आणि जुन्या मोटरसायकलला किक मारणं आता होत नाही. दोन दिवाळ्यांचा बोनस साठवून ठेवलेल्या मुलाच्या मनात मग आयडिया आली, की बाबांना चार चाकांची बाइक देऊ. पडायची भीती नाही, चिखलातूनही जाईल. आणि सुट्टीत आपल्यालाही थोडं थ्रिल! (खरं सांगायचं तर हे शेवटचं कारण पहिलं होतं. पण त्याला अजून तसं वाटत नाही.)

गेलो अलिबागच्या बाजूला. तिथल्या किनाऱ्यांवर टुरिस्टना राइड देणाऱ्या क्वाड तुम्ही पाहिल्याच असतील. सेकंडहँड बाजारात येणाऱ्या बऱ्याच गाड्या अशाच धंद्यातल्या असतात. म्हणजे एक मालक, हजार ड्रायव्हर आणि वर खारी हवा. आमची लालपरी लांबून झक्कास दिसत होती. भावाने सोबत एक मेकॅनिक मित्र आणला होता, हे त्या दिवसातलं एकमेव शहाणपण.

मित्राने आधी इंजिनवर हात ठेवला. गरम. "आम्ही यायच्या आधी का चालू केली?" मालक हसला. जुनं इंजिन थंड असताना कसं सुरू होतं आणि सुरू होताना निळा धूर काढतं का, हेच तर बघायचं असतं! मग पुढची बाजू विटांवर चढवली आणि चाक वर-खाली धरून हलवलं. टक् टक् आवाज. बॉल जॉइंट नाहीतर बेअरिंग गेलेलं. डावं-उजवं हलवलं तर स्टिअरिंगचा टाय रॉडही ढिला. एअर फिल्टर काढला तर त्याच्या आतल्या बाजूला, जिथे कण जाता कामा नये तिथे, बारीक वाळू. ती वाळू पुढे जाते थेट सिलिंडरमध्ये. आणि पुढचे आर्म चासीला जोडतात तिथे नवाकोरा काळा रंग. बाकी गाडीवर गंज आणि तेवढ्याच जागी रंग कसा काय? बोटाने खरवडलं तर खाली वेल्डिंग.

"हे सगळं करून घेता येईल ना?" भावाचा चेहरा पडला होता, पण आशा होतीच. करता येतं. बेअरिंग बाजारात मिळून जातात. पण नाव न ऐकलेल्या चिनी कंपनीचे बाकीचे पार्ट उमरखेडला सोडा, पुण्यात शोधतानाही घाम फुटतो. होंडाची टीआरएक्स 400 ईएक्स (1999) किंवा यामाहाची रॅप्टर 700 (2006) अशी नावाजलेली मॉडेल्स असतील तर निदान जगात कुठेतरी पार्ट सापडतात. सुझुकीने 2013 मध्ये क्वाडस्पोर्ट झेड 400 भारतातही आणली होती, पण तिचं बजेट वेगळंच!

पण समजा, गाडी ठणठणीत असती तर?

स्पोर्ट म्हणजे नेमकं काय?

क्वाडचे ढोबळ दोन प्रकार. युटिलिटी क्वाडला पुढे-मागे कॅरिअर, बऱ्याचदा फोर व्हील ड्राइव्ह आणि ऑटोमॅटिक गिअर. ती शेतावरची गाडी. स्पोर्ट क्वाड हलकी, रेसिंगच्या वळणाची. पॉवर फक्त मागच्या चाकांना, सामान ठेवायला जागा नाही, सीट एकाच माणसाची. मागे कुणाला बसवलं की तोल बदलतो आणि चार चाकं असूनही ती उलटते. वळताना रायडरला अंग आतल्या बाजूला झोकावं लागतं, कारण मागची दोन्ही चाकं एकाच सलग एक्सलवर असतात आणि एकाच वेगाने फिरतात. आणि गिअर? बहुतेकांत डाव्या पायाने. काकांचा गुडघा कोणता, आठवतोय ना?

शिवाय तिची रुंदी चार फुटांच्या आसपास. सोयाबीनच्या ओळीत साधारण दीड फूट अंतर, कापसात तीन-चार फूट. म्हणजे पीक उभं असताना ती शेतात शिरणारच नाही, धुऱ्याधुऱ्यानेच फिरणार. पावसाळ्यात तिकडची काळी माती चाकाला अशी चिकटते की टायरची नक्षीच बुजून जाते, मग कसली ग्रिप!

घर ते शेत: अडीच किलोमीटर

मालकाने शेवटचं अस्त्र काढलं, "क्वाड्रिसायकलमध्ये पासिंग होऊन जाईल." इथे भलेभले फसतात. आपल्याकडे 2018 पासून खासगी वापरासाठी मान्य झालेली क्वाड्रिसायकल म्हणजे बजाज क्यूटसारखी, छप्पर असलेली छोटी गाडी. हँडलची क्वाड नावाच्या सारखेपणावर त्यात बसत नाही. मॉडेलची मंजुरी कंपनीने घ्यायची असते, तुम्ही-आम्ही आरटीओत जाऊन ती आणू शकत नाही. पोलारिसने 2020 मध्ये स्पोर्ट्समन 570 ही क्वाड ट्रॅक्टर म्हणून रस्त्यावर चालेल अशी आणली, पण ती 8 लाखांच्या आसपास होती आणि मुळात स्पोर्ट नव्हे, युटिलिटी.

"पण आम्ही मेन रोडला जाणारच नाही, पाणंदीने जाऊ," भाऊ म्हणाला. मोटार वाहन कायदा, 1988 मधली सार्वजनिक जागेची व्याख्या आम्ही तिथेच मोबाइलवर वाचली. जिथे लोकांना जायचा हक्क आहे तो कुठलाही रस्ता, वाट. म्हणजे पाणंदही आलीच. कलम 39 नुसार तिथे नोंदणीशिवाय गाडी चालवता येत नाही आणि कलम 146 नुसार थर्ड पार्टी विमा हवाच. नोंदणी नसलेल्या गाडीचा असा विमा कोण काढणार? उद्या पाणंदीत एखाद्या पोराला धक्का लागला तर भरपाई खिशातून, आणि काकांचा खिसा म्हणजे ती जमीनच. बिटरगावच्या बाजूला पैनगंगा अभयारण्य आहे, तिकडे चक्कर मारायचं स्वप्नही भावाला पडलं होतं. वन्यजीव कायद्यात परवानगीशिवाय नुसतं शिरणंही चालत नाही, तिथे क्वाडची काय कथा!

राहिला एकच मार्ग. दरवेळी छोटा हत्ती बोलवायचा, क्वाड त्यात चढवायची, शेतात उतरवायची, तिथेच गोल गोल फिरवायची आणि पुन्हा चढवून घरी आणायची. आम्ही तिघं मोठ्याने हसलो. भाऊ जरा उशिरा हसला.

एवढं होऊनही मालक एक लाख तीसवर आला तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलंच. "तीस हजार वाचतायत, ताई." मी म्हटलं, काकांना फोन लाव.

काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. चासी नाही, कलमं नाहीत, त्यांनी एवढंच विचारलं, "तिला मागं कॅरिअर आहे का रे? डबा अन् फवारणीचा पंप बांधाया?"

"नाही बाबा."

"मंग?"

पुढच्या महिन्यात भाऊ सुट्टी टाकून नांदेडला उतरला आणि काकांना तिथेच बोलावून घेतलं. सेल्फ स्टार्टची, गिअर नसलेली, तीन वर्षं जुनी स्कूटर. आरसी मालकाच्या नावावर, विमा चालू. भाऊ इंजिनवर हात ठेवून ते थंड आहे का बघत होता. काकांनी तोवर सीट वर करून डिकीत डबा मावतो का ते पाहिलं होतं.