गुजरीत मोडायच्या आधी झाकण उघडा

मागच्या आठवड्यात एका श्रोत्याचा मेसेज आला, "आजोबांचं सोन्याचं ऑटोमॅटिक घड्याळ बंद पडलंय. गुजरीत नेऊन मोडलं तर किती येतील?" म्हटलं, भावा, थांब. आधी घड्याळवाल्याकडं जाऊन मागचं झाकण उघडून घे आणि फोटो पाठव. आजचा भाग त्या झाकणाखालचा.

आपल्याकडं घरोघरी 'सोन्याचं घड्याळ' म्हणून जपलेलं असतं ते बऱ्याचदा एचएमटीचं कांचन. जावयाला द्यायचं घड्याळ म्हणून त्याचा काय मान होता! पण ते सोन्याचं पाणी दिलेलं. मोडून हाती काही लागत नाही. स्वित्झर्लंडमध्ये घडलेली खरी सोन्याची जुनी केस असेल, तर झाकणाच्या आत बारीक शिक्का दिसतो. 18 कॅरेटला हेल्वेशिया देवीचा चेहरा नि 0.750 हा आकडा, 14 कॅरेटला खार नि 0.585. भिंग लागतं, नुसत्या डोळ्यांना तो ओरखडाच वाटतो.

आता मशीन. ऑटोमॅटिक म्हणजे सेल नाही नि रोज चावी द्यायची कटकटही नाही. आत अर्धचंद्रासारखं एक वजन असतं, रोटर. हात हलला की ते फिरतं आणि चाकांमार्फत स्प्रिंग गुंडाळत जातं. मग दिवसभर हात हलवून स्प्रिंग तुटत कशी नाही? तर तिचं बाहेरचं टोक डबीला पक्कं अडकवलेलंच नसतं. पूर्ण भरली की ते आतल्या भिंतीवरून घसरतं. मला अजूनही ही युक्ती सगळ्यात भारी वाटते.

रोटरचेही प्रकार आहेत. 1940च्या दशकातल्या ओमेगामध्ये तो पूर्ण फिरत नाही, दोन्हीकडच्या छोट्या स्प्रिंगांवर आपटून परत येतो. मनगटाला ठकठक जाणवते. कांचनचं मशीन सिटिझनच्या घराण्यातलं. एचएमटीनं 1961 साली बेंगळुरूत सिटिझनबरोबरच सुरुवात केली होती. त्यात रोटर एका दिशेनं स्प्रिंग भरतो, उलट दिशेला मोकळा गरगरतो. लोकांना वाटतं, काहीतरी सुटलंय. सुटलेलं काही नसतं.

आणि कपाटात ठेवलेलं ऑटोमॅटिक दीड-दोन दिवसांत थांबणारच, तो बिघाड नव्हे. खरा शत्रू म्हणजे वाळलेलं तेल. तसंच झटकून झटकून चालवलं की आतले भाग झिजतात.

मी स्वतः एकदा फसलोय. वरून झगझगीत ओमेगा, मशीनही ओमेगाचंच. उघडलं तर मशीन केसमध्ये कागदाचा कपटा घालून अडवलेलं! मूळ केस बहुधा कुठल्यातरी मुशीत गेली, अनाथ मशीन पाणी दिलेल्या केसमध्ये बसवलं, वर डायल नव्यानं रंगवली. घड्याळ मोडायला नेलं की भाव फक्त केसच्या सोन्याचा होतो, काच नि मशीन वजा. ते मशीन मग डब्यात पडतं. संग्राहक मात्र जोडी बघतो: केस, मशीन, डायल एकमेकांचे आहेत का? तसं असेल तर ओरखडे चालतात. उलट फार पॉलिश केलेली, कडा गोल झालेली केस मी तरी घेत नाही.

त्या श्रोत्याचा फोटो काल आला. खार स्पष्ट दिसतेय, रोटर मोकळा फिरतोय, सगळं मूळचंच वाटतंय. घड्याळ सर्व्हिसिंगला दिलंय म्हणे. मोडायचं की नाही, यावर घरात अजून वाद चालू आहे.