चौघांचा एक लघुपट

गोव्यात पणजीच्या ‘इफ्फी’ या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात २०२२ साली ७५ तरुणांचे पाच गट करून त्यांना ५३ तासांत लघुपट करायला लावला. घाईचाच खेळ!

पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट-शिक्षण संस्थेतही असंच गटानं काम होतं: तिथे दूरचित्रवाणी विभागाचे दिग्दर्शन, छायांकन, संकलन आणि ध्वनी शिकणारे विद्यार्थी मिळून वर्षअखेरीस एक लघुपट करतात. चिदानंद नाईक दिग्दर्शित ‘सनफ्लॉवर्स वेअर द फर्स्ट वन्स टू नो’ हा त्यातलाच. म्हातारी कोंबडा पळवते आणि गावात सूर्य उगवेनासा होतो, ही कन्नड लोककथा. चित्रीकरण चार दिवसांचं, लांबी १६ मिनिटं. मे २०२४ मध्ये कान चित्रपट महोत्सवाच्या ‘ला सिनेफ’ या विद्यार्थी-चित्रपटांच्या विभागात तो पहिला आला. कॅमेरा सूरज ठाकूर, संकलन मनोज व्ही., ध्वनी अभिषेक कदम. बातम्यांत मात्र ही नावं शोधावी लागतात.