केनियाची शिरगणती: ऐकीव आकडे आणि मोजलेले

नैरोबीतलं किबेरा म्हणजे आफ्रिकेतली सर्वांत मोठी झोपडपट्टी, वस्ती दहा लाख. माहितीपटांतून, पर्यटकांच्या पुस्तिकांतून आणि देणग्यांच्या आवाहनांतून हे इतकी वर्षं ऐकवलं गेलं की कुणाला शंकाच येईनाशी झाली. २००९च्या जनगणनेत माणसं प्रत्यक्ष मोजली, तेव्हा आकडा निघाला १,७०,०७०.

खरं तर जनगणनेची वाट पाहायचीही गरज नव्हती, साधा भागाकार पुरला असता. किबेराची मूळ वस्ती जेमतेम अडीच चौरस किलोमीटरची. तिथे दहा लाख माणसं कोंबायची तर चौरस किलोमीटरला चार लाख होतात, आणि घरं तर बहुतेक एकमजली, मातीच्या भिंतींची नि पत्र्याच्या छपराची. २०१९च्या जनगणनेत नैरोबीतला सर्वांत दाट उपविभाग ठरला माथारे. तिथेसुद्धा चौरस किलोमीटरला ६९ हजारांच्या आसपासच लोक भरले. त्याच वर्षी सबंध किब्रा उपविभागात, म्हणजे झोपडपट्टीबाहेरच्या वस्त्या धरूनही, १,८५,७७७ माणसं नोंदली गेली. काही घरं मोजणीतून सुटली असं मानून आकडा सरळ दुप्पट केला, तरी तो दहा लाखांच्या आसपास फिरकत नाही. मग फुगला कसा? माझ्या मते, तो फुगलेला असण्यातच अनेकांची सोय होती: देणगी मागणाऱ्याची, मतं मोजणाऱ्या पुढाऱ्याची आणि मथळा शोधणाऱ्या बातमीदाराची. आकडा उतरला म्हणून पिवळ्या कॅनमधून वीस-वीस लिटर पाणी विकत घेणाऱ्या बाईचा खर्च काही उतरला नाही, ही गोष्ट वेगळी.

दुसरा घोळ काउंटीचा. २०१० साली नवं संविधान आलं आणि २०१३पासून देशाचा कारभार ४७ काउंट्यांमधून चालू लागला. यातल्या बऱ्याच काउंट्यांची नावं तिथल्या मोठ्या शहराचीच आहेत. त्यामुळे ‘नाकुरूची लोकसंख्या २१ लाख’ असं बिनदिक्कत लिहिलं जातं. ते २१,६२,२०२ लोक नाकुरू काउंटीचे, त्यात नैवाशासारखं दुसरं शहर आणि कितीतरी शेतीवाडीही आली. नाकुरू शहर ५,७०,६७४ लोकांचं. किसुमूचंही तेच: काउंटी साडेअकरा लाखांच्या वर, शहर ३,९७,९५७. नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या नाशिक शहराच्या नावावर टाकावी, तसा हा प्रकार. नैरोबी आणि मोंबासा मात्र अपवाद; तिथे शहर आणि काउंटी एकच, म्हणून ४३,९७,०७३ आणि १२,०८,३३३ हे आकडे दोन्हींना लागू पडतात.

पण मग नैरोबी खरोखर ४४ लाखांचंच का? कागदावर हो. शहराची हद्द सुमारे ७०० चौरस किलोमीटरची आहे आणि वाढ केव्हाच तिच्याबाहेर गेली आहे. २०१९च्या यादीतली पहिली दहा शहरं पाहिली तर रुइरू (४,९०,१२०), किकुयू, थिका आणि करुरी ही चार नावं नैरोबीच्या उत्तरेला नि पश्चिमेला लागून असलेल्या कियांबू काउंटीतली निघतात. दक्षिणेला ओंगाटा रोंगाई आणि किटेंगेला आहेतच, ती काजियाडो काउंटीत. तिथली घरभाडी नैरोबीपेक्षा परवडतात, म्हणून माणसं राहायला तिकडे आणि कामाला इकडे. भल्या पहाटेपासून मटाटू, म्हणजे तिथल्या खासगी मिनीबस, थिका रोडवरून भरभरून शहराकडे निघतात. जनगणनेला हे दिसत नाही, कारण तिने विचारलं होतं, २४ ऑगस्ट २०१९च्या रात्री तुम्ही कुठे झोपला होतात? रुइरूत झोपणारा रुइरूचा. दिवसाच्या नैरोबीचा आकडा कुठल्याच तक्त्यात नाही.

लोकसंख्या वाढली की गावाचं आपोआप ‘सिटी’ होतं, असंही नाही. तो दर्जा कायद्याने आणि सनदेने मिळतो. नैरोबीला १९५०मध्ये मिळाला. २०११च्या कायद्यात किमान पाच लाखांची अट होती. २०१९च्या दुरुस्तीने ती अडीच लाखांवर आली. नाकुरूला डिसेंबर २०२१मध्ये सनद मिळाली, एल्डोरेटला ऑगस्ट २०२४मध्ये. एल्डोरेट २०१९मध्ये ४,७५,७१६चं होतं, म्हणजे रुइरूपेक्षा लहान. किसुमू तर आणखी लहान, तरी सिटी. रुइरू नाही.

सर्वांत मोठं म्हणून नैरोबी जुनंही असेल असं वाटतं, पण ते १८९९ साली रेल्वेच्या मुक्कामाभोवती उभं राहिलं. त्याआधी चारशे वर्षं, १४९८मध्ये, वास्को द गामा मोंबासाला पोचला होता आणि तेव्हाही ते भरभराटीचं बंदर होतं.

आणि हो, एवढी शहरं असूनही केनिया खेड्यांचाच देश आहे. २०१९च्या ४,७५,६४,२९६ लोकांपैकी शहरी १,४८,३१,७००, तिसऱ्या हिश्श्याहून कमी. तेही दोन हजार वस्तीच्या ठिकाणाला शहरी मानून; भारतात हीच अट पाच हजारांची आहे.

शेवटचा गैरसमज असा, की निदान जनगणनेचा आकडा तरी निर्विवाद असतो. काउंटीला केंद्राकडून मिळणारा पैसा आणि मतदारसंघांची आखणी लोकसंख्येवर ठरते, त्यामुळे मोजणीत प्रत्येकाला रस असतो. २००९मध्ये सोमालियाच्या सीमेवरच्या मंडेराची लोकसंख्या १०,२५,७५६ भरली, दहा वर्षांपूर्वीच्या चौपट. जन्मदराच्या हिशोबात ते बसेना. नियोजनमंत्री वायक्लिफ ओपारान्या यांनी मंडेरा, वाजीर, तुर्काना आदी भागांतल्या आठ जिल्ह्यांचे आकडे रद्द केले आणि प्रकरण कोर्टात गेलं. २०१९मध्ये पुन्हा मोजलं तेव्हा मंडेरात ८,६७,४५७ माणसं निघाली, म्हणजे आधीपेक्षा दीड लाखाहून अधिक कमी.