मज्जारज्जू दारे धरतो

मिरच्यांचे देठ काढणाऱ्या हातांची आग रात्रीपर्यंत उतरत नाही. हुक्केरी तालुक्यातल्या संकेश्वरच्या नावाने ओळखली जाणारी लाल मिरची बेळगाव, निपाणी, गडहिंग्लज पट्ट्यात उन्हाळ्यात घरोघरी येते, वाळते आणि चटणीसाठी कांडपावर जाते. त्या दिवसांत बोटे भाजल्यासारखी वाटतात, पण भाजल्याची खूण कुठेच नसते. ही वेदना किती तीव्र व्हावी, किती पसरावी आणि कधी ओसरावी, याचा मोठा निर्णय पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू घेतो. हे काम मोजक्या रसायनांच्या देवघेवीवर चालते.

मिरचीतले कॅप्सेसिन कातडीतल्या बारीक चेतातंतूंच्या टोकांवर असलेल्या टीआरपीव्ही-१ या प्रथिनाला चिकटते. हे प्रथिन एरवी सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर उघडणारी झडप आहे. कॅप्सेसिन तीच झडप साध्या तापमानाला उघडते. मराठीत तिखटाने आणि चटक्याने होणाऱ्या त्रासाला ‘आग’ हा एकच शब्द आहे, आणि शरीरातही दोघांची वाट एकच आहे. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने हे प्रथिन ओळखले. २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल ज्युलियस यांना आर्डेम पॅटापूटियन यांच्यासह मिळाले.

आगीचा संदेश नेणारे तंतू संथ असतात. त्यांचा वेग सेकंदाला साधारण एक मीटर. हातातून निघालेला संदेश मानेच्या भागात मज्जारज्जूच्या मागच्या बाजूच्या करड्या भागात पोचतो आणि तिथे तंतू संपतो. पुढच्या पेशीपर्यंतची सूक्ष्म फट विजेला ओलांडता येत नाही. तंतूच्या टोकात कॅल्शियम शिरते, आतल्या पिशव्या फुटतात आणि त्यांतली रसायने फटीत उतरतात. त्यांत ग्लुटामेट आणि ‘सबस्टन्स पी’ ही दोन महत्त्वाची.

पाण्याच्या पाळीला शेतावर गेलेल्या कोणालाही या दोघांतला फरक लगेच कळेल. ग्लुटामेट हे पाटाचे पाणी. ज्या वाफ्याचे दार उघडे, त्यातच ते शिरते आणि सेकंदाच्या हजाराव्या भागात काम उरकते. सबस्टन्स पी हा पाझर आहे. तो सावकाश, काही सेकंद टिकून, शेजारच्या वाफ्यांतही ओल पोचवतो. मार थोडा असेल तर ग्लुटामेटवरच भागते. मार सतत चालू राहिला, तर पाझरामुळे पुढच्या पेशी आधीच भिजलेल्या असतात. त्यांच्यावरच्या एनएमडीए या ग्राहींच्या, म्हणजे रसायन धरणाऱ्या प्रथिनांच्या, तोंडात बसलेला मॅग्नेशियमचा बोळा निघतो, कॅल्शियम आत घुसते आणि पेशी हळव्या होतात. क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ मध्ये हा हळवेपणा मज्जारज्जूतच घडत असल्याचे दाखवले. कातडीत कॅप्सेसिन टोचले, तर टोचल्या जागेच्या बाहेर, जिथे ते पोचलेलेही नाही तिथेसुद्धा, कापसाचा स्पर्श दुखतो, त्याचे कारण हेच. दुखणे खरे असते. इजा मात्र त्या जागी नसते. जुनाट दुखण्याच्या माणसाला ‘काही झालेले नाही’ असे सांगून परत पाठवणे म्हणूनच अन्यायाचे आहे.

पाणी सोडणारे आहेत, तसे दारे धरणारेही आहेत. १९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मज्जारज्जूत वेदनेचे दार असते, ही कल्पना मांडली. स्पर्शाचे जाड, वेगवान तंतू तिथल्या अडवणाऱ्या पेशींना जागे करतात आणि त्या गॅबा व ग्लायसिन सोडून पुढचा प्रवाह रोखतात. त्यांच्या आराखड्यातले तपशील पुढे दुरुस्त झाले, मूळ विचार टिकला. मिरचीच्या हातांना तेल चोळण्याच्या रिवाजात दोन्ही गोष्टी साधतात: पाण्यात न विरघळणारे कॅप्सेसिन तेलात उतरते आणि चोळण्याने दार लोटले जाते. याखेरीज मेंदूच्या तळातून उतरणारे तंतू नॉरअॅड्रेनलिन आणि सेरोटोनिन सोडून या दारांवर हुकूम चालवतात. शरीर स्वतःचे अफूसारखे रसायनही बनवते; १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीन येथे जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी शोधलेले एन्केफॅलिन ते हेच.

निपाणीचे तंबाखूचे पीकही या कथेत आहे. १९०५ मध्ये केंब्रिजच्या जॉन लँग्ली यांनी कोंबडीच्या स्नायूवर निकोटिन घातले. चेतातंतू तोडून तो निकामी झाल्यावरही स्नायू आखडला. म्हणजे निकोटिन धरणारा पदार्थ स्नायूतच असला पाहिजे, असे त्यांनी मांडले. ‘ग्राही’ या संकल्पनेचा पाया तंबाखूतल्या या विषाने घातला. निकोटिनचे ग्राही मज्जारज्जूच्या मागच्या भागातही असतात, त्यामुळे वेदना थोडा वेळ बोथट होते. पण पेशींना सवय लागते, आणि तंबाखू थांबवली की दुखणे अधिक जाणवते. धूम्रपान करणाऱ्यांत कंबरदुखी जास्त आढळते. दिवसभराच्या कष्टानंतर मिश्रीने वा चिमूटभर तंबाखूने बरे वाटते, त्यात तल्लफ भागण्याचा वाटा मोठा असतो. तंबाखूला औषध समजू नये.

या रसायनांवर आधारलेल्या औषधांच्या घोषणा सावधपणे वाचाव्यात. सबस्टन्स पी रोखणाऱ्या औषधांनी १९९०च्या दशकात प्राण्यांत मोठी आशा दाखवली; माणसांच्या वेदनेवर ती फसली. पाझर बुजवला तरी पाट वाहतच राहिला. त्यांतले अॅप्रेपिटंट २००३ पासून कर्करोगाच्या उपचारांतील उलट्यांवर वापरले जाते. समुद्री शंखाच्या विषापासून आलेले झिकोनोटाइड कॅल्शियमचे दारच बंद करते. अमेरिकेत २००४ मध्ये त्याला परवानगी मिळाली, पण ते पंपाने थेट मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडावे लागते.

मिरचीचे स्वतःचे औषध अधिक जुन्या कामातून आले. पाप्रिका मिरचीसाठी प्रसिद्ध असलेल्या हंगेरीतल्या सेगेड शहरात मिक्लोश यान्चो यांनी १९४०च्या दशकात पाहिले, की कॅप्सेसिनच्या वारंवार मात्रेनंतर प्राण्यांना झोंबणाऱ्या रसायनांची वेदना होईनाशी होते, स्पर्श मात्र कळत राहतो. ते १९६६ मध्ये वारले. पत्नी अरांका आणि सहकारी यानोश सोल्चानी यांच्यासह लिहिलेला त्यांचा निबंध १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅप्सेसिनने मज्जारज्जूतला सबस्टन्स पीचा साठा घटतो, हे १९७८ मध्ये दिसले. २०२१ च्या नोबेलपर्यंत जाणारी वाट यान्चो यांनी पाडली होती, आणि त्यांचे नाव त्या शोधाबरोबर घेतले जायला हवे. आठ टक्के कॅप्सेसिनची पट्टी २००९ पासून नागिणीनंतर मागे राहणाऱ्या वेदनेवर वापरली जाते. दवाखान्यात ती तासभर लावतात. कातडीतली तंतूंची टोके त्याने काही काळ मागे सरतात आणि मज्जारज्जूकडे जाणारा पाट तीन महिन्यांपर्यंत आटलेला राहू शकतो.