व्यक्तिचित्र आणि परकी नजर

टॅब्लेटच्या काचेवर व्यक्तिचित्र काढू लागलेला नवशिका बहुधा डोळे फार वर काढतो. वस्तुतः टाळूपासून हनुवटीपर्यंतच्या उंचीच्या जवळजवळ मध्यावर डोळे असतात. परंतु आपले लक्ष नाकाडोळ्यांवरच खिळते, केसांखालच्या कवटीचा विसर पडतो आणि कपाळ आखूड होते. तासभर तेच चित्र न्याहाळणाऱ्याला हा दोष दिसेनासाही होतो. लिओनार्दो दा व्हिंचीने यासाठी चित्रकारांना आरसा सुचविला होता. आरशात उलटे झालेले आपले काम दुसऱ्या कोणाचे वाटते, आणि परक्याच्या चुका आपल्याला लवकर दिसतात! आता चित्र उलटविण्यास एक कळ पुरते.

इतरांचे मत ऐकावे, असेही लिओनार्दोने लिहून ठेवले आहे. मात्र ‘छान’ किंवा ‘जमले नाही’ एवढ्याने चित्र तसूभरही पुढे सरकत नाही. ‘डावा डोळा उजव्याहून वर गेला’ हे मत मोजून पाहता येते. म्हणून विचारणाऱ्यानेच नेमके विचारावे, आणि ज्यावरून चित्र काढले ते छायाचित्र शेजारी ठेवावे. एरवी पाहणारा ताडणार कशाशी?

वर्गातील पुष्कळ मुले टीका कानी पडताच चित्र पुसून टाकतात. त्यांनी सूचना वरच्या वेगळ्या थरावर करून पाहावी. थर झाकला की जुना चेहरा, उघडला की नवा. दोन्ही चित्रे तारीख घालून जपावीत. सहा महिन्यांनी तोच दोष पुन्हा कोणी दाखविला, तर सराव कशाचा करायचा ते कळते.