गोल राखणारीचे ऋण

मिरकरवाडा बंदरात बर्फ दिसतो तो मासळी टिकविण्यापुरता. त्यावर घसरत हॉकी खेळावी, ही कल्पना रत्नागिरीकरांना दूरची वाटणे स्वाभाविक आहे. तथापि भारताच्या महिला आइस हॉकी संघाचा गोल सांभाळणाऱ्या लडाखच्या नूरजहाँ यांची कारकीर्द कोकणानेही विचारात घ्यावी अशी आहे.

या खेळातील चकती कठीण रबराची, एक इंच जाडीची असते. सहा फूट रुंद व चार फूट उंच गोलात ती शिरू न देणे, हे गोलरक्षिकेचे काम. तिने अडविलेले तडाखे विस्मरणात जातात. निसटलेला तेवढा फलकावर राहतो. 2016 मध्ये तैपेई येथील आशिया चॅलेंज चषक स्पर्धेत भारतीय महिला प्रथमच उतरल्या आणि एकही सामना जिंकू शकल्या नाहीत. अशा पराभवांचा सर्वाधिक मारा गोलात उभी असणारीच सोसते. पुढच्याच वर्षी बँकॉकला संघाने फिलिपाइन्सला 4–3 असे नमविले. 2025 मध्ये अल ऐन येथील आशिया चषक स्पर्धेत भारताला कांस्यपदक मिळाले. या यशाचा पाया त्या आरंभीच्या पराभवांत घातला गेला होता.

नूरजहाँ यांचा व्यवसायही रक्षणाचाच आहे. दिल्लीत कलासंवर्धनाचे शिक्षण घेऊन त्या लडाखमधील जुनी भित्तिचित्रे व थांगका जतन करतात. असा व्यवसाय सांभाळून देशासाठी खेळायचे, आणि सरावासाठी निसर्गाच्या मर्जीवर राहायचे! सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवरील लेहमध्ये तळी गोठतात ती हिवाळ्यातील जेमतेम दोन महिने. 2011 मध्ये डेहराडूनला कृत्रिम बर्फाचे बंदिस्त मैदान उभारले गेले. पण स्पर्धा आटोपल्यावर ते कित्येक वर्षे बंदच राहिले आणि 2025 मध्ये पुन्हा उघडले.

पदक मिळाल्यावर हारतुरे देणे सोपे असते. खरा प्रश्न त्याआधीच्या वर्षांचा आहे. लडाखमध्ये बर्फ वितळला की खेळ थांबतो, कोकणात पाऊस लागला की मैदान चिखलात जाते. कबड्डी आणि खो-खो खेळणाऱ्या मुलींचे चार महिने दरवर्षी असे वाया जावेत काय? तालुक्याच्या गावी छपराखालचे एक साधे मैदान आणि त्याची नित्य देखभाल, एवढी मागणी अवास्तव म्हणता येणार नाही. वास्तू बांधून तिला कुलूप लावण्याचा डेहराडूनचा कित्ता मात्र कोणी गिरवू नये.